सतरा नंबरचं हसू

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, खोक्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. भरलेलं खोकं छातीइतक्या उंचीवरून पाडायचं, एकदा या कोपऱ्यावर, एकदा त्या कोपऱ्यावर, मग उचलून डोळ्यांजवळ धरायचं. कोपरा चेपला असेल तर लाल शिक्का. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. कारखान्यात त्यांना सगळे ‘कोपरे’ म्हणत. नव्या माणसांना ते आडनावच वाटायचं. एकाने तर लग्नाच्या निमंत्रणावर ‘श्री. व सौ. कोपरे’ असं लिहून पाठवलं होतं. ताईने ते फ्रिजवर लावून ठेवलं. म्हणाली, “चला, आता तरी कळलं मी कुणाची बायको आहे ते!”

दिवसभर खोकी आपटणारा हा माणूस घरी आला की खोक्यांना तान्ह्या बाळासारखं धरायचा. भाऊजींना जॅझचा नाद होता. नाद म्हणजे नुसतं ऐकणं नव्हे. रेकॉर्डच्या त्या जाडजूड पेट्या असतात ना, बॉक्स सेट, मोजक्याच प्रती काढलेले, प्रत्येक पेटीवर हाताने घातलेला नंबर, ते भाऊजी गोळा करायचे. आतली खोली त्यासाठी होती. पडदा कायम ओढलेला, कपाटाच्या खणात पांढरे सुती हातमोजे. चहाचा कप घेऊन त्या खोलीत जायला बंदी. माझ्यावर तर चहा प्यायल्यावरही अर्धा तास बंदी होती, कारण एकदा मला तिथे शिंक आली होती.

त्यांचा नियम सोपा होता. प्रत्येक सेटच्या दोन प्रती घ्यायच्या, एक ऐकायची आणि एक ठेवायची. ऐकायची वाजवून वाजवून झिजली तरी हरकत नाही. ठेवायची मात्र सीलपॅक, कंपनीने घातलेलं प्लास्टिक जसंच्या तसं.

“पण भाऊजी, ठेवून करायचं काय?”

“ठेवायचं.”

“हो, पण कशासाठी?”

“अरे, ठेवल्यावर राहतं ना!” या उत्तराला तोड नाही. 

हा नियम एका पेटीपाशी अडला. नेमकी ती पेटी ताईची होती.

त्याचं असं झालं. लग्नाला दोन महिने झाले असताना भाऊजी ताईला एका ट्रम्पेटवाल्याच्या मैफलीला घेऊन गेले होते. छोटं सभागृह, लाकडी खुर्च्या, ओळीने पाच संध्याकाळी मैफली, त्यातली ही दुसरी. ट्रम्पेटवाला अगदी हळू, श्वास ऐकू येईल असं वाजवत होता आणि सगळं सभागृह चिडीचूप. तेवढ्यात भाऊजी ताईच्या कानात काहीतरी बोलले. आयुष्यात त्यांनी केलेला हा बहुधा एकमेव विनोद. ताईचं हसू म्हणजे काय विचारता! आमच्या घरी ती हसली की शेजारची माणसं गजर झाला समजून घड्याळ बघायची. ती तिथे फस्सकन हसली, खदाखदा हसली, तोंडावर रुमाल दाबला तरी हसली. ट्रम्पेटवाला थांबला, त्याने तिच्याकडे बघितलं आणि तिचं ते हसू, हा-हा-हा, जसंच्या तसं ट्रम्पेटवर वाजवून दाखवलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

त्या मैफलींचं रेकॉर्डिंग कुठेतरी पडून होतं. ट्रम्पेटवाला वारल्यावर ते सापडलं आणि तीनशे पेट्या निघाल्या. एका घराला एकच. भाऊजींना सतरा नंबर मिळाला. पेटीच्या मागच्या बाजूला छापलं होतं, दुसरी संध्याकाळ, तिसरी रचना, चौथ्या मिनिटाला श्रोत्यांतल्या एका स्त्रीचं हसू आणि त्याला वादकाचं उत्तर. भाऊजींनी ते प्लास्टिकवरूनच ताईला वाचून दाखवलं आणि पेटी कपाटात गेली. एकच प्रत, म्हणजे ठेवायची. दुसरी मिळाली की ऐकू. अशी सहा वर्षं गेली.

मग ताई आजारी पडली. दुखणं घशाचं होतं. आधी आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. मग बाकीचं जायला लागलं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, “तीन आठवडे. फार तर चार.” मी आणि भाऊजी आळीपाळीने तिच्या उशाशी बसू लागलो.

एके दिवशी तिने मला जवळ बोलावलं. कान तिच्या तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं, “मला माझं हसू ऐकायचंय रे. मी खरंच एवढ्या मोठ्यांदा हसायचे का, ते एकदा बघायचंय.”

मी तसाच उठलो. “आत्ता ब्लेड आणतो.”

तिने मनगट धरलं. हाताला अजून जोर होता. “तू नाही. फोडायची तर त्यांनी फोडायची.”

मी भाऊजींना बाल्कनीत गाठलं आणि सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी स्वतः बघितलंय, खोटं कशाला बोलू.

“ऐकवणार,” ते म्हणाले. “ऐकवणारच. मी दुसरी प्रत मागवतो.”

“भाऊजी, घरात एक आहे!”

“ती ठेवायची आहे.”

“इंटरनेटवर नसेल का?”

“इंटरनेटवर असतं तर तीनशेच कशाला काढले असते?” हे सांगताना त्या परिस्थितीतही त्यांची मान जरा ताठ झाली.

“मग ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी कुणीतरी फोनवरून तेवढं एक मिनिट...”

“दुसऱ्या प्रतीसाठी सहा जणांना आधीच विचारून झालंय. सहाही जणांकडे सीलपॅक आहे.”

म्हणजे ताई तीनशे घरांत हसत होती आणि बहुधा एकाही घरात ती कुणाला ऐकू येत नव्हती.

सातवा माणूस सापडला. म्हणजे माणूस नव्हे. तो वारला होता आणि त्याची सून कपाट रिकामं करत होती. नंबर काय, हे तिला ठाऊक नव्हतं, “नवंकोरं आहे, उघडलेलं नाही,” एवढंच तिने कळवलं. भाऊजी म्हणाले, “हरकत नाही. ही फोडायचीच आहे.”

पार्सल निघालं. ते कुठवर आलं हे फोनवर दिसायचं आणि भाऊजी रोज सकाळी ताईला बातम्या वाचाव्यात तसं वाचून दाखवायचे. आज विमानतळावर पोचलं. आज विमानतळावरच आहे. आज गोदामात. ताईला मजा वाटायची. मला म्हणाली, “आमची शर्यत लागलीय. काल ते पुढे होतं, आज मी पुढे आहे.”

आणि ऐका, शर्यत पार्सलने जिंकली. अगदी वेळेवर आलं ते. मंगळवारी सकाळी अकराला दारावरची बेल वाजली. मी ताईला उशांना टेकवून बसवत होतो. भाऊजींनी रेकॉर्ड प्लेअर आदल्या दिवशीच तिच्या खोलीत आणून ठेवला होता, सुईवरची धूळसुद्धा पुसली होती. ते दार उघडायला धावत गेले. दोन मिनिटांनी परत आले ते रिकाम्या हाताने.

“आलं?” ताईचे ओठ हलले.

“आलं होतं.” भाऊजी उभेच राहिले. “कोपरा चेपला होता.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“खालचा डावा. चांगला बोटभर आत गेला होता. मी... परत पाठवलं.”

मी पायऱ्यांवरून अनवाणी खाली पळालो. गाडी गेली होती. फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “ग्राहकाने माल नाकारला की तो पाठवणाऱ्याकडे परत जातो.” मी वर आलो. तोंडाला येईल ते बोलणार होतो, आणि बोललोही.

“अहो, फोडायचीच होती ना ती? फोडायच्या पेटीचा कोपरा कशाला बघायचा?”

भाऊजी आपल्या हातांकडे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. “मी नाही बघितला रे. हात आपोआप गेला. त्याने खोकं पुढे केलं आणि मी ‘परत’ म्हणून मोकळा झालो. सही केल्यावर माझ्या लक्षात आलं.”

एकतीस वर्षांचा लाल शिक्का असा घरात येऊन बसला होता.

ताईने दोन बोटं हलवून आम्हाला जवळ बोलावलं. आम्ही दोघंही वाकलो. ती भाऊजींना म्हणाली, “अहो, माझे तर सगळेच कोपरे चेपलेत. मला नाही परत पाठवलंत ते!”

आणि ती हसली. तोंड उघडलं, खांदे गदागदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं. आवाज एवढासाही आला नाही.

मग तिने मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. त्या दारामागे सतरा नंबर होता. भाऊजींनीही तिकडे बघितलं. भाऊजी उठले, आत गेले, खण उघडल्याचा आवाज आला, हातमोजे घातले असावेत. बराच वेळ गेला. बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते, मोजे मात्र तसेच होते.

“त्या सूनबाईंना सांगितलंय, ताबडतोब पुन्हा पाठवा म्हणून,” ते म्हणाले. “नीट बांधून. आठवड्याभरात येईल.”

ताईने डोळे मिटले. “येऊ दे,” म्हणाली.

शुक्रवारी ती गेली. मोजे काढायचं भाऊजींच्या मंगळवारी लक्षातच आलं नव्हतं, पण शेवटचा तिचा हात त्यांनी धरला तेव्हा ते काढलेले होते, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

नवव्या दिवशी पार्सल आलं. या वेळी सुनेने काय बांधलं होतं म्हणून सांगू! खोक्यात खोकं, त्यात स्पंज. भाऊजींनी माझ्यासमोर सगळे थर सोडवले. आतली पेटी सगळ्या कोपऱ्यांनी शाबूत निघाली, उलटी करून त्यांनी नंबर बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नऊ दिवसांत प्रथमच माणूस खुलला होता.

“अठरा,” ते पुटपुटले. “अरे, अठरा! सतराला लागून अठरा. सलग जोडी! अशी जोडी कुणाकडे नसेल.”

आणि दोन्ही पेट्या एकमेकींना खेटून कपाटात उभ्या राहिल्या. सीलपॅक.

परवा गेलो होतो. भाऊजी आता निवृत्त झालेत, वाळलेत जरा. मी हातमोजे घालून, शिंक आवरून, आतल्या खोलीत उभा राहिलो आणि प्लास्टिकवरून बोट फिरवत ती ओळ वाचली, चौथ्या मिनिटाला श्रोत्यांतल्या एका स्त्रीचं हसू.

“भाऊजी, तुम्ही तेव्हा तिच्या कानात बोललात तरी काय?”

“तेच तर आठवत नाही रे. ऐकलं तर कदाचित आठवेल.”

“मग फोडा की एक!”

“जोडी तुटेल ना.” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “तू काळजी करू नकोस, मी तिसरीच्या मागावर आहे. दोनशे चार नंबर. त्या गृहस्थांना मुलंबाळं नाहीत आणि तब्येतही फार खालावलीय.”

मी विचारायचं म्हणून विचारलं, “आता कशी आहे तब्येत?”

“कालपासून सुधारतेय म्हणतात,” भाऊजी खट्टू होऊन म्हणाले.