कडू मागंच लागते

डॉक्टरांनी त्याला सांगितले, की जीभ काढावी लागेल. त्याने विचारले, "किती?" डॉक्टर म्हणाले, "अर्ध्याहून जास्त." तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला आणि म्हणाला, "मागचं तेवढं राहू द्या, डॉक्टरसाहेब. कडू मागंच लागते."

डॉक्टरांना वाटले, माणूस घाबरून काहीतरी बोलतो आहे. मी शेजारी बसलो होतो. तो घासाघीस करत होता, हे मला कळत होते.

अकोल्यात त्याचे चष्म्याचे दुकान होते. तुम्ही कधी डोळे तपासायला गेला असाल, तर ती खुर्ची तुम्हालाही आठवेल. समोर अक्षरांचा तक्ता, नाकावर जड चौकट आणि भिंग बदलताना कानाशी येणारा आवाज : "हे बरं, का हे?" दिवसभर तो हा प्रश्न गिऱ्हाइकांना विचारायचा आणि शनिवारी संध्याकाळी, दुकानामागच्या खोलीत, आम्हाला. तेव्हा भिंगांच्या जागी बीअरचे दोन ग्लास असत. "हे बरं, का हे? घाई नको करू, लायब्ररी."

लायब्ररी म्हणजे मी. अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिसरा गजू, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी सांभाळणारा. तो एसटीने यायचा, मी रेल्वेने. आम्ही दोघे नुसते पिणारे होतो. प्रत्येकाला मत असलेच पाहिजे, हा हट्ट त्याचा. "बरी हाये," असे गजू म्हणाला, की तो ग्लास ओढून घ्यायचा. "बरी म्हंजे काय बे? पाणीबी बरंच असते."

पुण्याहून त्याचा भाचा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोका पाठवायचा. लहान लहान ठिकाणी बनवलेली क्राफ्ट बीअर. एक गव्हाची, एक भाजलेल्या जवाची काळी, आणि एक त्याची लाडकी, खूप कडू, जिला आयपीए म्हणतात. खोका अकोल्यात उतरायचा तेव्हा बाटल्या चहासारख्या गरम असत. आम्ही त्या फ्रिजमध्ये गार करायचो आणि मते मांडायचो. मला बहुतेक बाटल्यांत ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. एकदा भीत भीत मी तसे म्हणालो. तो केवढा खूश झाला. "आज बोलला लायब्ररी. तो वास म्हंजेच आयपीएची जात." पुढे कितीतरी शनिवार आम्ही त्या पुठ्ठ्यावर वाद घातले. गजूचे म्हणणे, पुठ्ठा नाही, बारदाना.

चव नीट कळावी म्हणून त्याने कॉलेजपासूनचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. जिभेच्या कडेचा चट्टा त्यानंतर दिसला.

डॉक्टरांनी सांगितल्यावर तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, मग तिसऱ्या. मग कोणीतरी सांगितले म्हणून आम्ही जीपने मेळघाटात धारणीकडे गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला एक मूळ चघळायला दिले. ते चघळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. "याच्यापुढं आयपीए म्हंजे उसाचा रस," तो म्हणाला. परतताना घाटात त्याने जीप थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी मागे गेलो. "मले जगायचं हाये रे," तो म्हणाला. "पण तोंडात काही लागलंच नाही, तं मी जेवू काहून?"

याचे उत्तर त्याच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे होते. घरी पोचल्यावर त्याच्या देखत त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा यायले. जीभ नसली तं नसली. मले माणूस पायजे." दुसऱ्या दिवशी त्याने भाच्याला फोन करून पुण्याला ऑपरेशनसाठी नाव नोंदवायला सांगितले.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी आम्ही भाच्याच्या घरी होतो. वहिनीच म्हणाल्या, "न्या यायले जिथं न्यायचं तिथं. उद्यापासून काई मागणार नाही हे."

भाचा आम्हाला घेऊन गेला ते ठिकाण बीअर तिथल्या तिथे बनवणारे होते. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसत होत्या. त्याने आयपीए मागवली. चट्ट्याला लागू नये म्हणून मान एका बाजूला कलंडवून त्याने घोट घेतला. चेहरा पिळवटला. तो थांबला, पुन्हा एक घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

मीही घोट घेतला. संत्र्याची साल नखाने सोलावी तसा वास, मग कडू, आणि ते कडूही लगेच स्वच्छ निघून गेले.

"याच्यात बारदाना नाई," गजू म्हणाला. कोणी हसले नाही.

"पुठ्ठा कुठं हाये?" त्याने भाच्याला विचारले.

भाचा खाली पाहत म्हणाला, "मामा, तो वास नासल्यावर येतो. डिकीतल्या गरमीने. तुम्हाला तोच आवडतो असं म्हणायचात, म्हणून मी तशाच पाठवत राहिलो."

"म्हंजे आमी इतकी वर्षं नासकी पिऊन राहिलो."

मग तिथे होती नव्हती ती प्रत्येक बीअर त्याने लहान ग्लासांत मागवली. गव्हाची, काळी, आंबट, सगळ्या. प्रत्येक घोटाला डोळे पुसत होता. लाळेत रक्त दिसू लागले, तेव्हा मी म्हणालो, "थांब आता." तो म्हणाला, "उद्या थांबतोच हाये."

ऑपरेशनमध्ये जिभेचा मागचा भागही राहिला नाही. तो अकोल्याला परतला तेव्हा नाकात नळी होती आणि बोलणे म्हणजे नुसता आवाज होता, जो वहिनींना आणि थोडाफार मला कळायचा. काही आठवड्यांनी भेटायला गेलो, तेव्हा त्याने हाताने खुणा करून आम्हाला शनिवारी बोलावले. भाच्याकडून खोका आला होता, डिकीतून, पूर्वीसारखाच. त्याने तो मुद्दाम तसाच पाठवायला लावला होता. त्याने स्वतः दोन ग्लास भरले, एक गजूपुढे सरकवला आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

गजू प्यायला. "मस्त हाये," तो म्हणाला. "एकदम ताजी."

त्याने गजूवरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिले. मी घोट घेतला. पुठ्ठा होता. त्याचा जबडा एका बाजूने आत गेला होता, गळ्यावर टाक्यांचे वण होते. त्या चेहऱ्याकडे पाहून बोलणे अवघड होते.

"नासली आहे," मी म्हणालो.

त्याने टेबलावर तळहात आपटला. तोंडाला हसता येत नव्हते. खांदे हलत होते. त्याने दुसरी बाटली उघडली. अंधार पडेपर्यंत तो एकेक उघडत गेला आणि आम्ही दोघे प्रत्येकीत काय बिघडले आहे ते त्याला सांगत गेलो. गजूने त्यानंतर एकदाही खोटे सांगितले नाही.

पुढे गाठ मानेत निघाली. तिच्यावर उपाय नव्हता. वहिनींना हवा होता तो माणूस त्यांना वर्षभरही मिळाला नाही.

दुकान विकले गेले. वहिनी भावाकडे राहतात. गजू कधीकधी अमरावतीला माझ्याकडे येतो आणि येताना बाटली आणतो. नासकी असली तर आम्ही ओतून देतो. ताजी असली तर ताजी आहे असे म्हणतो. त्यापुढे काय म्हणायचे, ते आम्हा दोघांना येत नाही.