दोन दिवाळ्या आणि आठ पाहुणे

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तीन वाजता मी आदिलाबादच्या घरी करंज्या तळत होते. नणंदेचं सगळं कुटुंब आलेलं, पाय ठेवायला जागा नव्हती... आणि ह्यांचा फोन वाजला. ह्यांचा चेहरा बघूनच मी गॅस बंद केला.

थोडं मागचं सांगते. हे रिटायर झाले तेव्हा मिळालेल्या पैशातून आम्ही नेरडीगोंड्याच्या पुढे, धबधब्याच्या वाटेवर दोन खोल्यांचं घर घेतलं. एजन्सीच्या, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या, हद्दीत आपल्याला जमीन घेता येत नाही, म्हणून हायवेकडच्या बाजूला. पर्यटकांना एक-दोन दिवसांसाठी भाड्याने द्यायचं... "एफडीपेक्षा बरं," हे म्हणाले. म्हातारपणाची सगळी पुंजी त्या दोन खोल्यांत गेली आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला.

अ‍ॅपवरचं बुकिंग मी बघते, फोनवरचं हे. घोटाळा तिथेच झाला. हैदराबादचे एक गृहस्थ फोनवर म्हणाले, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येतो, आठ जण आहोत. ह्यांनी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात पाहून पाडव्यावर गोल काढला.

पण यंदा तेलुगू लोकांची दिवाळी आपल्या एक दिवस आधी! त्यांचा दुसरा दिवस म्हणजे आपलं लक्ष्मीपूजन. जन्म तेलंगणात गेला, तरी आमच्या साहेबांना एवढं विचारायचं सुचलं नाही. आणि लक्ष्मीपूजनाला मी ते घर अ‍ॅपवरून नागपूरच्या चार बाइकवाल्या पोरांना देऊन बसले होते.

आता त्या घराच्या फाटकाबाहेर आठ माणसं उभी. त्यांत एक म्हातारी आजी, गुडघ्यांनी बेजार. ते गृहस्थ फोनवर हिंदीत ओरडत होते, असं लिहीन की तुमच्या दारात पुन्हा कोणी येणार नाही!

हसू नका... आमचा पहिलाच सीझन होता. तोवर दोनच रिव्ह्यू आलेले, त्यातला एक माझ्या मावसबहिणीचा. असा तिसरा आला असता तर त्या घराचं कापसाचं गोदामच करावं लागलं असतं.

हायवेवरच्या सगळ्या लॉजना फोन केले. सगळीकडे फुल्ल. शेवटी पूजा नणंदेवर सोपवून आम्ही गाडी काढली. सगळा रस्ता मीच बोलत होते... काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पोचलो तर त्यांची गाडी उभी, माणूस एक नाही. बाइकवाली पोरं म्हणाली, "ते मावशीबरोबर गेले, त्या गुड्यात."

मावशी म्हणजे आमची जंगूबाई. ओढ्यापलीकडच्या गोंडांच्या गुड्यात, म्हणजे पाड्यावर, राहते; आमच्या घराची किल्ली आणि झाडलोट तिच्याकडे. आम्ही दोघं ओढा ओलांडून धावतच गेलो.

आणि तिथे दंडारी आलेली! दिवाळीत गोंडांची नाचणारी मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी जातात आणि अख्खं गाव त्यांना ठेवून घेतं. ढोल घुमत होते, मोरपिसांचे हे एवढाले टोप घातलेले गुसाडी नाचत होते... आजवर लांबून, स्टेजवर पाहिलेलं. त्या ढोलांच्या मध्ये उभी राहिले आणि अंगावर सर्रकन काटा आला.

त्याच गर्दीत एका खाटेवर आमचे ओरडणारे गृहस्थ बसलेले. जंगूबाईची सून लोट्याने त्यांच्या पायांवर पाणी घालत होती, आणि ते अवघडून हात जोडून बसले होते. आजी आत पडवीत भाकरी खात होती, आणि एक बाई तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होती.

मी जंगूबाईला म्हटलं, "अगं, आधीच तुमच्याकडे शंभर माणूस! त्यात हे आठ कुठे ठेवणार?"

ती माझ्याकडे बघून हसली. "शंभर झाले तिथं आठ काय जड हायेत, बाई? तुमी बसा. पाय धुवा आधी."

मी खाली बसले. आमच्या घराच्या भिंतीवर मी लॅमिनेट करून अकरा नियम लावलेत... टॉवेल दोनच, जास्तीचे पाहुणे चालणार नाहीत, आधार कार्ड आधी. इथे त्या माणसांना कोणी नावसुद्धा विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगते, हात जोडावेसे वाटले.

रात्री आम्ही घरी आलो, आणि सकाळी पाहुण्यांना निरोप द्यायला पुन्हा गेलो. मी गुड्याच्या पटेलांपुढे, म्हणजे त्यांच्या गावप्रमुखापुढे, पाकीट धरलं. म्हाताऱ्या पटेलांनी ते हळूच मागे सारलं.

"पैसे काऊन देता? पावण्याचे पैसे नसतेत. आज ते आमच्याकडं आले, उद्या आमी त्यायच्याकडं जाऊ, असं असते. हे पावणे तुमचे होते ना? मंग पुढच्या दिवाळीले आमची दंडारी तुमच्या दारी येईल."

मी हसले. पटेल हसले नाहीत. जंगूबाई म्हणाली, "खरंच येतेत, बाई. शंभर-सव्वाशे."

दोन दिवसांनी त्या गृहस्थांचा रिव्ह्यू आला. 'घर आतून पाहिलं नाही. पाच स्टार.'

काल बसून मी अ‍ॅपवर पुढच्या वर्षीची दिवाळी बंद करून टाकली. हे कळवळले, "अगं, ऐन सीझन आहे!" मी म्हटलं, आपल्याकडे पाहुणे आहेत.

मग ह्यांनीच उठून दोन्ही कॅलेंडरं आणली. आपली दिवाळी मी बंद केलीच होती, ह्यांनी तेलुगू दिवाळीही बंद केली... आता चूक नको. आणि ते अकरा नियम मी भिंतीवरून काढलेत.