भिवाला मी जुना पार्ट मागितला

साल दोन हजार पंचवीस, आणि मला एकाहत्तरावं लागलेलं. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, मी पाइप धरून टाकी भरत होतो. बायको घरातून फोन हातात घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "भिवा भावजी गेले. पहाटं, झोपेतच." मी म्हणालो, "कोण भिवा?" कोण भिवा ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं... तेवढ्यात टाकी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं आणि मी त्या पाण्यावरच खेकसलो. हर्सूलला मातीला ती एकटीच गेली. दुपारी आली, अंघोळ केली, मला जेवायला वाढलं आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही.

गेलेल्या माणसांवर लोक पेपरच्या पुरवणीत लिहितात ते मी वाचतो. सगळं गोड असतं. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. आणि भिवाबद्दल गोड लिहिण्याचा हक्क मी चौदा वर्षांपूर्वीच घालवलेला आहे.

आम्ही दोघं पैठणकडचे, एकाच गावचे. दोघांचेही बाप मेंढरांमागं फिरलेले. शहरात आलो तेव्हा मी ट्रकवर क्लीनर लागलो आणि भिवा एका उस्तादाच्या हाताखाली वायरिंग शिकायला बसला. मी ड्रायव्हर झालो, पुढं स्वतःची जुनी गाडी घेतली. भिवानं गॅरेजच्या रांगेत आठ बाय दहाचा गाळा धरला. लोक त्याला वायरमन म्हणायचे. गाडी बंद पडली तर मिस्त्री लोक आधी चार ठिकाणी खोलतात. भिवा आधी वास घ्यायचा. बोनेटखाली डोकं घालून दोन मिनिटं नुसता उभा राहायचा, आणि मग बोट ठेवायचा ते बरोबर जळक्या वायरीवर. बोलायला तिरका होता. नवीन गिऱ्हाइकाला म्हणायचा, "गाडी आजारी नाय, मालक आजारी हाये." पण कामात खोट नव्हती. हे मी आज लिहितोय, तेव्हा बोललो नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. मिस्त्रीनं नवा पार्ट टाकला की जुना कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. मालकानं बघावं, खात्री करावी, मग तो घरी न्यावा नाहीतर भंगारात टाकावा. न मागता देतो तो मिस्त्री चोख समजायचा. भिवा सगळ्यांना द्यायचा. मला मात्र त्यानं तीस वर्षांत कधी दिला नाही आणि मी कधी मागितला नाही. एकदा एका गाडीवाल्यानं त्याला हटकलं, "यांना नाय देत का रे?" भिवा म्हणाला, "त्यो गिऱ्हाईक नाय. त्यो सुख्या हाये." त्यावर मी दोन दिवस छाती काढून फिरलो होतो.

तर चौदा वर्षांपूर्वी, त्या वर्षी माझ्या गाडीच्या चावीनं त्रास द्यायला सुरुवात केली. चावी फिरायची, पण सेल्फ लागायचा नाही. चावी वर दाबून, जरा डावीकडं ओढून, देवाचं नाव घेऊन फिरवली तर पाचव्या खेपेला गाडी चालू व्हायची. जुन्या डिझेल गाडीला एकदा चालू झाल्यावर चावीची फिकीर नसते, म्हणून मीही ते अंगावर काढलं. शेवटी भिवाकडं नेली. त्यानं स्टेअरिंगच्या दांड्यावरचं झाकण काढलं. आतलं लॉक ज्या बोल्टांनी धरलेलं असतं त्यांची डोकी कंपनीतच तोडलेली असतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. पाना मिस्त्रीलाही लावता येत नाही. भिवा सीटपुढं पाय ठेवायच्या जागेत उताणा झोपला आणि छिन्नीच्या टोकानं ते बोल्ट एकेक सूत फिरवत राहिला. दुपार गेली त्यात. तोंडावर लोखंडाचा चुरा पडत होता. लॉक निघालं, मागचा स्विच निघाला, दोन्ही नवीन बसले. चावी लोण्यातून फिरवावी तशी फिरली.

खाली उतरून त्यानं माझ्या चावीचा झुबका हातात धरला. त्यात घरची चावी, कपाटाची, डिझेल टाकीची, पेटीची, साखळदंडाची, गावच्या देवळातल्या दानपेटीची आणि वर पितळी घंटी. मी चालायला लागलो की कोण येतंय ते गल्लीला कळायचं. मला ते आवडायचं.

"सुख्या, ही चावी हाये का बैलाची घुंगरमाळ?" भिवा म्हणाला. "एवढं वजन लॉकाला लटकून हिंदकळतंय. नवं लॉक बी खाईल हे."

मी म्हणालो, "तू वायरीचं बघ. चाव्या माझ्या हायेत."

"बरं बाबा, तुझ्याच हायेत," असं म्हणून तो हसला.

चार महिन्यांनी पैठणच्या चौकात विटा भरलेली गाडी गचका खाऊन बंद पडली आणि पुन्हा चालू होईना. चावी गरागरा फिरायला लागली, आत काही नसल्यासारखी. मागं एसटी अडकली. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आजोबा, गाडी हाये का पानटपरी? कायमची मांडलीय का?" लोक हसले. पॅसेंजर उतरून गाडी ढकलायला लागले. मी तेव्हा छप्पन्नचा होतो, मला कुणी आजोबा म्हणालेलं नव्हतं. ट्रॅक्टरला दोर बांधून मी गाडी शहरात आणली आणि सगळी वाट मनात एकच घोकत आलो... नवीन लॉक चार महिन्यांत जातं का? जुनंच पुसून बसवलं असेल तर जातं.

भिवाच्या गाळ्यापुढं चहा चालला होता. पाच-सहा जण होते. मी उतरलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "भिवा, जुना पार्ट दाखव."

त्याला आधी कळलंच नाही. "कशाचा?"

"लॉकाचा. चार महिन्यांमागं काढला त्यो. नवा टाकला असशील तर जुना असंलच की."

चहाचे ग्लास होते तिथंच थांबले. चार महिन्यांचं भंगार कोण जपून ठेवतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. भिवानं कापडाला हात पुसले, एकेक बोट सावकाश. मग म्हणाला, "सुखदेवराव, गाडी घेऊन जा."

राव. तीस वर्षांत त्यानं मला राव म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या वायरमननं नवीन लॉक टाकलं आणि भिवानं बसवलेलं, म्हणजे चार महिन्यांचं, रीतसर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी ते न बघताच फेकलं. त्याचंही लॉक पाच महिन्यांत गेलं. या वेळी कागद उघडून बघितला. लॉकाचं भोक एका बाजूनं घासून अंडाकृती झालेलं. खालच्या बाजूनं, जिकडं माझा झुबका लोंबायचा तिकडं. मला त्याच क्षणी सगळं समजलं. पुढच्या लॉकाला मी एकटी चावी लावली, बाकीचा झुबका कमरेला गेला. ते लॉक गाडी विकेपर्यंत टिकलं.

म्हणजे वर्षभरात मला माझी चूक कळली होती. उरलेली तेरा वर्षं मी काय केलं? काही नाही. रोज वाटायचं, त्यानं एकदा येऊन विचारावं, मग मी सांगीन. गुलमंडीवर एकदा गाठ पडली. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरं एकाच दुकानात. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आम्ही दोघं साड्यांच्या थप्प्यांकडं बघत उभे. त्यानंच तोंड उघडलं, "गाडी चालू हाये का?" मी ताठ्यात म्हणालो, "एकदम. कायबी तरास नाय आता." तो म्हणाला, "मग बरंय." एवढंच. त्यानं हात पुढं केला होता आणि मी त्याला सर्टिफिकेट दाखवलं, की तुझ्यावाचून माझं अडलं नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. बायकोनं सांगितलं म्हणून नाही, तिनं सांगणं सोडलं होतं. भिवाची बायको, अनुसया वहिनी, दारातच गहू निवडत बसल्या होत्या. पाणी दिलं. मी म्हणालो, "वहिनी, लॉकात खोट नव्हती. माझ्या झुबक्यानं खाल्लं ते."

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "त्यांना त्याच दिवशी ठावं व्हतं. मी म्हणलं, मग सांगा की भावजीला. तर म्हणले, इचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं इचारलं नाय, मागितलं."

त्यांनी गव्हातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"तवापासून सख्ख्या भावाची गाडी आली तरी जुना पार्ट हातात द्यायचे. म्हणायचे, बघून घे, नीट बघून घे. भाऊ म्हणायचा, मला कशाला रं? तरी द्यायचेच. घरात बल्ब बदलला तर जुना बल्ब मला दाखवला, भावजी. मला." मग म्हणाल्या, "आता माझ्यापुढं बोलून काय करता? बोलला व्हता चारचौघात. तिथं बोला."

मी उठलो. त्यांनी बसा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजच्या रांगेत गेलो. भिवानं थकल्यावर सोडलेल्या गाळ्यात आता कुणी टायर विकतो. त्या दिवशी चहा पीत असलेल्यांपैकी एकच उरलाय, पत्रा ठोकणारा नामदेव. हलक्या आवाजात सांगावं आणि निघावं असं ठरवून त्याच्याजवळ गेलो. बोललो. तो कानामागं हात धरून म्हणाला, "काय?" पत्रा ठोकून ठोकून कान गेलेत त्याचे. मी पुन्हा बोललो. "कोण? मोठ्यानं बोल की!" तो म्हणाला. आजूबाजूच्या पोरासोरांनी माना वळवल्या, कुणीतरी ग्राइंडर बंद केला. मग मी ओरडून सांगितलं, "भिवानं नवाच पार्ट टाकला होता! खोटा मी होतो!" सगळी रांग बघत होती. नामदेव म्हणाला, "कोणता पार्ट?"

मी तिथंच एका टायरवर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. मोठ्यानं.