कट्ट्यावरची अनोळखी माणसं

कसबा बावड्यातल्या शिवलीला दुपारी भाजी निवडायला बसल्या की समोरच्या कट्ट्यावर माणसं येऊन बसायची. फेटेवाली, गप्प. एकही ओळखीचा नसायचा. डोळे मिटून उघडले की कट्टा रिकामा.

त्याआधी काही महिने नजर बिघडली होती. दाराची चौकट वाकडी दिसायची. समोरच्याकडं बघावं तर चेहऱ्याच्या जागी करडा डाग. या माणसांचे चेहरे मात्र लख्ख दिसायचे, मिशीच्या केसासकट. बाधा झाली म्हणून गल्लीत बोभाटा होईल, या भीतीनं त्या कुणाला बोलल्या नाहीत. आणखी एक होतं. मुलगा शशिधर कागलजवळ हायवेवर अपघातात गेला होता. ही गेलेलीच माणसं असतील, तर एक दिवस तोही येईल. त्या रोज एकेक चेहरा न्याहाळायच्या.

एकदा शशिधरच्या बायकोनं, महादेवीनं ऐकलं. सासू रिकाम्या कट्ट्याला विचारत होती, "पावणं, आमचा शशी दिसला काय वाटंत?"

तिनं त्यांना शाहूपुरीत डोळ्यांच्या डॉक्टर क्रांतीताईंकडं नेलं. तपासून त्या म्हणाल्या, "जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या वाढवायचा निरोप शरीर एका प्रथिनाकरवी देतं. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. तुमच्या डोळ्यात तो नको तिथं, नको तेवढा सुटलाय. पडद्याखाली कच्च्या वाहिन्या वाढल्यात, त्या झिरपतात. इंजेक्शननं तो निरोप अडवता येतो."

"आन् ती माणसं?"

"डोळ्याकडून काही येईना की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. वेड नाही, बाधाही नाही."

"मग माझा पोरगा का काढत न्हाय?"

क्रांतीताईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "ते आपल्या हातात नसतं, आजी."

पहिलं इंजेक्शन झालं. दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी शिवलीला उठेचनात. "नजर आली की ती माणसं जातील. मग शशीची वाट कुठं बघू?"

"वाट मी बी बघतो की, आत्या," महादेवी म्हणाली. "पर माझं तोंड शेवटचं कधी बघिटलंय तुम्ही?"

शिवलीलांनी चप्पल घातली.

डावा डोळा गेलाच; उजवा सावरला. महादेवीच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसले त्या दिवशी त्या बराच वेळ तिचा हात धरून बसल्या.

माणसं अजून येतात, क्वचित. ती नुसती चित्रं, हे दोघींनाही ठाऊक आहे. तरी महादेवी कामावरून आली की पदरानं तोंड पुसत हळूच विचारते, "आलता काय?"