रत्नाताईंचं स्टूल

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही! जाऊ द्या, आधी चहा घ्या.

सात रस्त्याला आमचं चादरी-टॉवेलचं दुकान. मी तिथला मॅनेजर. काउंटरवरच्यांनी दिवसभर उभंच राहायचं, हा मालकांचा नियम. एकदा सेल्सवर असलेल्या रत्नाताई मला बाजूला घेऊन तब्येतीचं काहीतरी बोलल्या. "साहेब, बसायला मिळालं तर नोकरी टिकंल माझी. पण कुणाला कळू देऊ नका."

काय बोलल्या? वा! ते तुम्हालाही नाही सांगणार!

मालकांना विचारून मी त्यांना स्टूल दिलं. झालं! दुपारीच इराप्पा हजर. आमचा सगळ्यात जुना सेल्समन, तोंडाचा फटकळ.

"ताईस्नी स्टूल, आन आमी काय खांब हाय व्हय?"

'ते त्यांचं खासगी आहे' एवढं म्हणायला काय जात होतं हो माझं? पण नाही! म्हटलं, "अरे, मालकांच्या नात्यातल्या आहेत त्या. गप बस."

संध्याकाळपर्यंत रत्नाताई मालकांची सख्खी भाची झाल्या! दुसऱ्या दिवशी त्यांना चहा कपबशीतून, मला कागदी कपात. त्यांना कुणी टॉवेलची घडीसुद्धा घालू देईना. दोघांनी तर पगारवाढीसाठी त्यांच्याकडेच वशिला लावला. ताई रडवेल्या होऊन माझ्यापुढं आल्या.

"मालकांच्या कानावर गेलं तर मीच खोटं बोलले म्हणतील. घालवतील मला!"

आणि नेमके मालक दारात!

"मालक," इराप्पानं तोंड उघडलंच, "तुमची भाची लई कष्टाळू हाय बघा."

"माझी भाची? मला बहीणच नाही!"

सगळे ताईंकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा पांढराफटक. मग मात्र मला राहवलं नाही.

"थाप माझी होती. ताई काही बोललेल्या नाहीत. स्टूल कशासाठी, ते त्यांचं त्यांच्यापाशी. उद्या तुम्हाला काही लागलं तर मला सांगा. तेही माझ्यापाशीच राहील."

मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्टूल राहू दे. थापा बंद कर." आणि गेले आत.

हुश्श! ताईंचा जीव भांड्यात पडला, माझा तर त्यांच्याही आधी.

इराप्पा मात्र भडकला होता. "सांगायचं न्हाय म्हनला असता तर गप बसलो असतो की! तुमी रोज चादरीत गुंडाळून ती मधी भोक असल्याली गादी आणताय बसायला. आमी कुनी विचारलं का कधी?"

सगळं दुकान हसलं. रत्नाताईसुद्धा!

मी आपला खुर्चीवर बसलो. हळूच.