मूळ न आलेली लेक

मला न्यायला संस्थेची पांढरी जीप आली, तेव्हा अक्का माझी वेणी घालत होती. मी सहा वर्षांची. गाव धरणगावच्या पुढे, कपाशीच्या शिवारात. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तरी अक्काने रिबिनीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग माझी ओटी भरली, तोंडात गूळ घातला आणि म्हणाली, "मांगे वळी नको देखू." मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहावंसं वाटलंच नाही, कारण जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला मिळालं होतं.

अक्का माझी जन्मदाती नव्हे. मी जळगावच्या एका संस्थेत आले ती तान्ही असताना, आणि तिथून मला सांभाळायला अक्का-आबांच्या घरी दिलं. अशा घराला पालक कुटुंब म्हणतात. सांभाळायचं, पण आपलं म्हणायचं नाही, अशी ती अवघड नोकरी. अक्काने पहिलं काम चोख केलं, दुसरं तिला कधीच जमलं नाही. पुढे कागदपत्रं झाली, पुण्याच्या एका जोडप्याने मला दत्तक घेतलं आणि त्या जीपने मी कोथरूडला, आई-बाबांकडे आले.

हे लिहितेय ते अक्कासाठी. ती वाचत नाही, तिची सून, माझी वहिनी, वाचून दाखवेल. आणि माझ्यासारखेच एका घरातून उचलून दुसऱ्या घरात रुजलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठीही. रुजलो याची लाज वाटते का तुम्हाला? मला वाटते.

कारण मी फार पटकन रुजले. लिफ्टचं बटण दाबायला मिळणं, स्वतःचं कपाट, रविवारी बाबांबरोबर पोहायला जाणं. पहिल्याच वर्षी अक्काच्या बोलीतलं 'माले', 'तुले' गळून पडलं. शाळेत पोरं हसायची म्हणून मी घाईघाईने पुणेरी झाले, आणि अशी झाले की पुढे मीच दुसऱ्यांचे न-ण सुधारू लागले. बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात ते उगीच नाही. अक्काचा चेहराही पुसट झाला. हात तेवढे आठवायचे, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेले.

एकदा, कॉलेजात असताना, जेवणाच्या ताटावर मी म्हणून गेले की तिकडे एकदा जाऊन यावं. आईने वाढायचा हात थांबवला. "तुला काही कमी पडलं का गं आमच्याकडे?" एवढंच म्हणाली. काहीच कमी पडलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मी विषय बदलला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं बदललेलाच राहिला. नोकरी लागली, हिंजवडीचं ऑफिस, लॅपटॉप, घरून काम. अक्का आठवली की आईशी प्रतारणा केल्यासारखं वाटायचं आणि आईच्या कुशीत डोकं ठेवलं की अक्काशी.

शेवटी जळगावला ऑफिसचं काम निघालं तेव्हा संस्थेत गेले. तेही जुने कपडे द्यायच्या निमित्ताने. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तिथल्या सुनंदाताईंनी कपडे बाजूला ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. नाव विचारलं. मग म्हणाल्या, "अगं, तुझी अक्का दरवर्षी आखाजीच्या सणाआधी येते इथे. सांजोऱ्यांचा डबा घेऊन. पोरीचा पत्ता द्या म्हणते." नियमाने पत्ता देता येत नाही, हे त्या तिला दरवर्षी समजावायच्या. डबा परत न्यायला ती तयार नसे. "आम्हीच खायचो गं वाटून," ताई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी मी गावात गेले. आईला सांगितलं ऑफिसचं काम आहे. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होते. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि सासरी गेलेल्या मुली त्या सणाला माहेरी येतात. निंबाला झोके बांधलेले, पोरीबाळी गाणी म्हणत होत्या. ओळखीच्या अंगणात एक म्हातारी आंबे निवडत होती. मी नाव सांगायच्या आतच ती उठली, आत गेली, भाकरीचा तुकडा आणून माझ्यावरून ओवाळून टाकला. शेजारणीने विचारलं, "कोन शे व हाई?"

"मनी आंडेर," अक्का म्हणाली. माझी लेक.

मग पाणी दिलं, पाट दिला, आणि नजर चुकवून पुन्हा आंबे निवडू लागली. आबा गेल्याचं तिच्या कपाळावरून कळलं. रागावली असणार, रागवायलाच हवं, असं म्हणून मी सुरुवात केली. "अक्का, मी फार आधीच यायला हवं होतं..."

तिने मला मधेच थांबवलं. "तू कशी येशी, माय? आंडेर काय बिगर मूळनी येस? मूळ धाडनं पडस. आम्हीच धाडं नही." तिने हातातला आंबा खाली ठेवला. "तठे पत्ताच देत नव्हतात. मी म्हने, पोर रुसनी व्हई. चुकनं आमनं. राग नको धरू."

मूळ धाडणं म्हणजे लेकीला सासरहून आणायला माहेरचं माणूस पाठवणं. ते आल्याशिवाय मानाची लेक निघत नाही. दत्तक म्हणजे काय हे अक्काला कुणी कितीही समजावलं असेल, तिच्या लेखी लेक दुसऱ्या घरी दिली होती, आणि दिलेल्या लेकीला आखाजीला आणायचं असतं. ते तिच्या हातून होत नव्हतं. म्हणजे मी इथे स्वतःला गुन्हेगार समजून आरामात जगत होते आणि तिकडे एक बाई दर उन्हाळ्यात माझी गुन्हेगार होऊन एसटीने जळगाव गाठत होती. माझी जुळवलेली माफी तशीच राहिली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि ती मलाच समजावत राहिली.

पुण्याला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. दोन दिवस गेले. मग तिनेच विचारलं, "त्यांना आपला पत्ता दिलास का?"

यंदा मूळ आलं. अक्काचा मुलगा, योगेशदादा, पायजमा-टोपीत आमच्या सोसायटीच्या गेटवर उभा. वॉचमनने कुणाकडे म्हणून विचारलं तर म्हणाला, "बहिणीला न्यायला आलो." आईने त्याला आग्रह करकरून जेवू घातलं, माझी बॅग स्वतः भरली. निघताना लिफ्टपाशी माझी ओढणी सारखी केली आणि हळूच विचारलं, "येशील ना गं परत?"

आठवडाभराने निघाले तर अक्काने फाट्यावर हेच विचारलं. "येशी ना?"

दोघींनाही मी हो म्हटलं. दोघींनाही ते विचारावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी गोंधळायचे. आता सांगते, जिथून निघताना कुणाला तरी मला हे विचारावं लागतं, ते माझं घर. अशी दोन आहेत, आणि एकात असले की दुसऱ्यात मी नसते.