ती काय गिळत होती

त्या दुपारचं अंगण अजून माझ्या स्वप्नात येतं. मेहकर तालुक्यातल्या एका गादीवाल्याचं घर. पिंजलेल्या कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते आणि ओट्याजवळच्या पांढऱ्या ढिगावर रक्त सांडलेलं होतं.

ठाण्यात शेजाऱ्याचा फोन आला होता, गादीवाल्याने बायकोला मारलं म्हणून. स्टेशन डायरीत नोंद करून मी एका महिला शिपायाला घेऊन निघालो. पोहोचलो तर बाई भिंतीला टेकून बसलेली, समोर सासरा. कोणी मारलं, विचारलं तर बोलेना. नुसती मान हलवी आणि आवंढा गिळी. परत गिळी. गप्प बाई म्हणजे घाबरलेली बाई, हे माझं नोकरीतलं ठरलेलं गणित. हुंदका गिळते आहे, असं मी मनातल्या मनात लिहूनही टाकलं.

नवऱ्याला बाजूला नेऊन चांगला फैलावर घेतला. तो एकच सांगत राहिला, "साहेब, मी तिले हात नाही लावला. आठ रोज झाले, टॉन्सिलचं ऑपरेशन केलं. काल तर बरी होती."

आठ दिवसांनी कुठलं आलं रक्त, म्हणून मी त्यालाच दरडावलं. आपल्याला सगळं कळतं, हा खाकीचा जुना आजार.

महिला शिपायाची नजर मात्र बाईच्या गळ्यावर होती. तिने सासऱ्यासकट आम्हा सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं आणि बाईपुढे घमेलं ठेवलं. बघता बघता घमेलं लाल झालं.

दवाखान्याच्या फाइलवरून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "जखमेवरची खपली सुटायचे हेच दिवस. किती रक्त पोटात गेलं असेल, सांगता येत नाही. आधी तिला आणा."

पंचनामा तसाच टाकून तिला जीपमध्ये घेतलं. नवऱ्याने तिला पुढे वाकवून धरलं होतं. तिच्या केसांतला कापूस एकेक करून खिडकीबाहेर उडत होता. रस्ता संपतच नव्हता. शेवटी ती वाचली.

महिनाभराने दोघं ठाण्यात आली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मी काही लपवत नव्हती, साहेब. अब्बांसमोर थुकू कशी?"

मी तिची माफी मागितली. माझ्या प्रश्नांत गेलेला वेळ तिच्या आयुष्यातून कापला जात होता, हे अजून सलतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कोणी गप्प बसलं की आधी आडोसा दिला, जबाब मागाहून घेतला.